आलेली पत्रिका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कराडच्या घरी पत्रिकांचा ओघ सुरू होतो. हल्ली त्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. त्यामुळे मार्गशीर्षात मावसभावाच्या नंबरावरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली, तेव्हा आईला त्यात वावगं वाटलं नाही. तिच्या या भाच्याच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालूच होतं. फोननं अनोळखी अ‍ॅपचा इशारा दिला, मग मेसेज वाचायची परवानगी मागितली. पत्रिका बघायची तर होय म्हणावंच लागणार, म्हणून ती होय म्हणत गेली. उघडलं काहीच नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं होती. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, अ‍ॅप होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याचे पैसे देताना खात्यात शिल्लक नाही असं दिसलं. तीन वेळा मिळून एकसष्ट हजार गेले होते. अ‍ॅप ओटीपीचे मेसेज परस्पर पुढे पाठवत होतं, आणि बँकेचे मेसेज आईला दिसूही देत नव्हतं.

त्या रात्री नऊला मी पुण्याहून नेहमीसारखा फोन केला. ती थंडीबद्दल बोलली, वालाच्या शेंगांबद्दल बोलली. सकाळी सहाला तिचा फोन आला. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुला कसं सांगू तेच कळेना.”

त्या रात्रीची हळहळ मला अजून वाटते. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत; तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी कुठल्याशा एटीएममधून काढले जातात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की वाटेतल्या बँकांना कळवलं जातं आणि जे अजून खात्यात असेल ते अडवता येतं. आई लाजेनं गप्प राहिली, तेवढ्या वेळात पैसे पुढे सरकत होते.

तिला आधी सिम काढायला सांगितलं आणि मी १९३० लावला. चौथ्या खेपेला लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे खातं, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारून घेतला आणि तक्रार क्रमांक दिला. अठरा हजार अडवले गेले, बाकीचे निघून गेले होते.

दुपारी कराडला पोचून आईला घेऊन बँकेत गेले. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं बंद करवलं. “अ‍ॅप तुम्हीच घेतलंत,” असं तिथं ऐकावं लागलं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. त्यानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचेच जात, कळवल्यानंतर गेले तर जबाबदारी बँकेची असे. पण सख्ख्या भाच्याच्या नावानं आलेली पत्रिका उघडणं, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. आईनं कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता. तिच्या भाच्यावरच्या विश्वासाचा कुणीतरी हत्यारासारखा वापर केला होता.

आणि तेच हत्यार आता आईच्या नावानं फिरत होतं. ओटीपी हाती लागल्यामुळे तिचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच फोनवर उघडलं गेलं होतं, आणि आदल्या संध्याकाळपासून तीच फाइल सगळ्या नातेवाइकांकडे जात होती. तिथं दोन टप्प्यांचा पिन आधीच लावलेला असता तर हे अडलं असतं. तो मी माझ्या फोनवर लावला होता. तिच्या फोनवर लावायचा राहिला होता.

मी म्हटलं, सगळ्यांना मी कळवते. आईनं ऐकलं नाही. कपाटातली जुनी नंबरांची वही काढली, माझा फोन घेतला आणि एकेकाला लावत गेली. “माझ्या नावानं पत्रिका आली असेल तर उघडू नका. मी फसले.” पहिल्या दोन-तीन फोनांना तिचा आवाज कापत होता. नंतर स्थिरावला.

आत्याला सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, मी काल रात्रीच उघडली. घरात कुणाला बोलले नाही अजून.”

“वन्सं, आता फोन ठेवा आणि सिम काढा,” आई म्हणाली. “भावोजींना उठवा, त्यांच्या फोनवरून १९३० लावा. नाही लागला तर परत लावा. मी थोड्या वेळानं त्यांच्याच नंबरावर फोन करते.”