कार्डावरची तारीख

असीरगडच्या पायथ्याला माझं आजोळ आहे. बुऱ्हाणपूरहून खांडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या डोंगरावर किल्ला दिसायला लागतो. इतिहासात तो ‘दख्खनचा दरवाजा’. १६०१ मध्ये अकबराने घेतला, एवढं आपण परीक्षेपुरतं वाचतो. गावात मात्र किल्ल्याची ओळख वेगळी. तिथे अश्वत्थामा फिरतो, गडावरच्या महादेवाला पहाटे फुलं वाहून जातो, आणि जो त्याला बघतो त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं सगळे सांगतात. लहानपणी हे ऐकूनच आम्ही भावंडं गोधडीत तोंड खुपसायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. मी पांढरा कुर्ता घालून संध्याकाळी गडावरून उतरले आणि दारात उभी राहिले. आजी ओट्यावर वाती वळत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “कोन हाये? कोन उभं हाये तठी?” मी आवाज घोगरा करून म्हटलं, “अश्वत्थामा!” सगळे हसले. आजीपण हसली. तिचं ते हसणं मला आता आठववत नाही.

त्यानंतर मी दीड वर्षाने मे महिन्यात गेले. आजी तांदूळ निवडत होती, पण बघत नव्हती. बोटांनी खडे शोधत होती. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा ती मामीवरच ओरडली, “डबे कोणी हलवले?” दुकानात नोटा पसरून धरायची, दुकानदार हवी ती उचलायचा. कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखायची. घरातल्यांना वाटत होतं, वय झालं. मलाही तसंच वाटलं असतं. पण देवघरातल्या पोथीखाली मला एक कार्ड सापडलं.

कार्ड एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या शिबिराचं होतं. आजीचं नाव, वय, ‘दोन्ही डोळे मोतीबिंदू’, ‘शस्त्रक्रिया मोफत’, गाडी येण्याची तारीख, आणि खाली छापलेली एक ओळ: सोबत एक नातेवाईक आणावा.

“आजी, तू गेली का नाहीस?”

“कोनासंग जाऊ बाई? तुह्या मामाची केळी कापणीले आली होती. मामीचं पोर तान्हं. मंग राहू दिलं.”

मी तारीख पुन्हा वाचली. फोन काढला. त्या तारखेचे माझे सतरा फोटो आहेत. सगळे गडावरचे.

तोवर मला वाटायचं, गरिबाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होत नाही ते पैशांअभावी. पैशांची अडचण खरीच, पण ती सोडवायला कितीतरी लोकांनी आयुष्यं घातली आहेत. मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी ते त्याच बोटांनी शस्त्रक्रिया करत. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या जोरावर न देऊ शकणाऱ्यांवर उपचार, हा त्यांचा हिशेब. डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून यायची आणि महाग पडायची, म्हणून १९९२ मध्ये त्यांनी लेन्सचा कारखानाच काढला. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने जे. जे.मध्ये लाखावर शस्त्रक्रिया करत राहिले, आनंदवनात शिबिरं घेत राहिले. पूर्वी शाळेत, मांडवात ऑपरेशनं व्हायची. आता शिबिरात फक्त तपासणी होते आणि रुग्णाला गाडीने रुग्णालयात नेतात, म्हणजे जंतुसंसर्गाची भीती कमी.

म्हणजे डॉक्टर, लेन्स, गाडी, जेवण, सगळं माझ्या आजीच्या दारापर्यंत आलं होतं. कमी पडलं ते दोन दिवस सोबत बसणारं एक माणूस.

पुढच्या शिबिराला मी थांबले. आजीने आधी नकारच दिला. “फुकटचं नको. कोनाचे पैसे हायेत ते?” कार्यकर्त्याने शांतपणे सांगितलं, थोडे सरकारचे, थोडे देणगीदारांचे. “त्याइले माहीत हाये का, ते माह्यावर खर्चतात म्हणून?” याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शेवटी मामाने केळीचा एक घड गाडीत ठेवला, तेव्हा ती चढली. तो घड संध्याकाळी वॉर्डातल्या सगळ्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावर, कपाळाला, पट्टीचा छोटा तुकडा चिकटवला. कोणता डोळा ते चुकू नये म्हणून. रांगेत बसलेल्या साऱ्या आज्या-आजोबांच्या कपाळावर तसेच तुकडे होते. आजी आत गेली आणि मी अजून प्रार्थना आठवत होते तोवर बाहेर आली. गढूळ झालेलं भिंग काढून तिथे नवं बसवायला एवढाच वेळ लागतो. पुढचं काम मात्र लांबचं. काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही. मला परत यायचं होतं. शेजारची सातवीतली मुलगी म्हणाली, “मी घालते थेंब.” तिने भिंतीवर खडूने वेळा लिहिल्या आणि एकही चुकवली नाही. त्या मुलीचं नाव कुठल्याच देणगीदारांच्या पाटीवर येणार नाही.

पट्टी निघाल्यावर आजी मला बघून रडेल, अशी माझी समजूत होती. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “केस काहून कापले?” घरी आल्यावर तिला सगळ्यात आधी दिसली ती स्वतःची भांडी. काळी, कडेला राप चढलेली. “हे मी घासत होती?” ती कितीतरी वेळ पातेलं हातात धरून बसली. मग राख मागितली. मामीने पातेलं काढून घेतलं, तर आठवडाभर तिच्याशी भांडली.

डावा डोळा अजून व्हायचा आहे. यावेळची तारीख मी माझ्या फोनमध्ये घालून ठेवली आहे. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी आहे, रात्रीच्या गाडीचं तिकीटही काढलंय.

दिवाळीत, उन्हाळ्यात आपण सगळेच गावी जातो. या वेळी गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तांदूळ निवडताना जरा बघत बसा. आणि पोथीखाली, पिठाच्या डब्यामागे एखादं कार्ड आहे का, तेही बघा.