जवळच्या जॉइंटपासून

2011 सालच्या जुलैमध्ये मी महाड-पोलादपूर रस्त्याच्या कडेला तीन खड्डे खणवले. तिन्ही वाया गेले. केबल सापडायची, पण धडधाकट. पाइप उघडा करून पाहावा तर साधा ओरखडाही नाही, आणि पलीकडे पोलादपूर पहाटेपासून बंद. पाऊस असा, की खणलेला खड्डा आम्ही टेप काढेपर्यंत भरायचा. तिसऱ्या खड्ड्याच्या वेळी मजुराच्या फावड्याने शेजारच्या शेताचा बांध फुटला आणि नुकतीच लावणी झालेल्या खाचरातलं पाणी रोपांसकट आमच्या खड्ड्यात उतरलं. शेतकरी बांधावर उभा राहून बघत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी तेव्हा ठेकेदाराचा माणूस. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून दीड वर्ष झालेलं. केबल टेलिफोन खात्याची, दुरुस्ती ठेकेदाराची, आणि रूट दाखवायला खात्याचे एक जुने लाइनमन. त्यांना सगळा तालुका मामा म्हणायचा, म्हणून मीही मामा म्हणायचो. ते मला भाचे म्हणायचे. रागावले की इंजिनिअर.

त्या दिवशी ते दुसऱ्या कामावरून दुपारी आले. खड्ड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "इंजिनिअर, मशीन दाखवा."

मशीन म्हणजे ओटीडीआर. जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं, गळ्यात पट्ट्याने अडकवायचं, आणि किंमत अशी की पावसात मी आधी त्याच्यावर छत्री धरायचो, मग स्वतःवर. काम तसं सोपं आहे. फायबरच्या एका टोकातून लेसरचा एक अतिशय छोटा ठोका आत सोडायचा आणि परत काय येतं ते ऐकत बसायचं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या कणाकणातून प्रकाशाचा अगदी किंचित अंश मागे फिरतो. आकाश निळं दिसतं त्याच विखुरण्याचा हा प्रकार. तुटलेल्या टोकावरून किंवा कनेक्टरवरून तो जास्त जोरात उलटतो. किती वेळाने परत आला यावरून यंत्र अंतर सांगतं. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. महाडहून पोलादपूरला जाऊन परत यायला त्याला पावणेदोनशे मायक्रोसेकंद लागतात. आम्हाला एसटीने पाऊण तास लागायचा, तोही दरड नसेल तर.

पडद्यावर जी रेघ उमटते तिला पुस्तकात ट्रेस म्हणतात. मामा तिला घाट म्हणायचे. हळूहळू उतरणारी रेघ म्हणजे धड फायबर. मध्येच छोटी पायरी आली की तो जॉइंट, टोकदार शेंडी आली की कनेक्टर, आणि जिथे रेघ कड्यावरून कोसळते तिथे तुटलंय. कड्याच्या खाली जी निरर्थक खरखर दिसते ते गवत. "गवतात काही शोधायचं नाही," हा त्यांचा नियम. इंग्रजी मॅन्युअल वाचून मला जे चार महिन्यांत नीट उमगलं नव्हतं, ते या घाटाने एका दुपारी उमगलं.

तर मशीन सांगत होतं 12.640 किलोमीटर. मी जीपच्या मीटरवर तेवढं अंतर मोजून खणायला लावलं होतं. मामांनी सेटिंग उघडायला सांगितलं. काचेचा अपवर्तनांक यंत्रात आपण भरायचा असतो. त्याच्यावरूनच ते वेळेचं अंतर करतं. या केबलचा होता 1.4682. यंत्रात आधीच्या कुठल्या तरी कामाचा 1.4600 तसाच राहिलेला. फरक दिसायला क्षुल्लक, पण बारा-साडेबारा किलोमीटरवर तो सत्तर मीटर होतो.

"ही एक," मामा म्हणाले. "आता लूप किती धरलेत?"

मी काहीच धरलं नव्हतं. केबलचं ड्रम दोन किलोमीटरचं, म्हणजे दर दोन किलोमीटरला जॉइंट. आणि प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली, पुढेमागे दुरुस्तीला लागेल म्हणून. प्रकाश ती वेटोळी इमानाने फिरून येतो. रस्ता फिरत नाही. आणखी एक : केबलच्या पोटात फायबर ताठ नसतो, नळीत सैल आणि पिळाने बसवलेला असतो, म्हणून तो केबलपेक्षा एखादा टक्का लांब भरतो. या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढणाऱ्या. मी तीनशे मीटर पुढे जाऊन खणत होतो.

मला वाटलं, आता हे सगळं वजा करून नवं अंतर काढायचं. मी कागद काढला. मामांनी तो खिशात ठेवायला लावला.

"महाडपासून मोजायचंच कशाला? जवळच्या जॉइंटपासून मोज."

त्यांनी मला मशीनसकट जीपने महाडला परत धाडलं आणि स्वतः सहाव्या जॉइंटच्या चेंबरमध्ये उतरले. चेंबर पाण्याने भरलेलं. मजुराने बादल्यांनी उपसलं, मग त्यांनी जॉइंट बॉक्स वर काढून प्लास्टिकच्या कागदाखाली उघडला. तिथे मोबाइलची एकच दांडी येत होती. फोनवर म्हणाले, "मशीन चालू ठेव, थांबवू नकोस. काय दिसतं ते सांग." आणि तिकडे त्यांनी एक रिकामा फायबर बोटावर अलगद वळवला.

माझ्या पडद्यावर घाटाला एक पायरी पडली. "आली," मी म्हणालो. त्यांनी बोट काढलं. पायरी गेली. पुन्हा वळवला, पुन्हा आली. 12.310.

बारा किलोमीटर लांब असलेल्या माणसाचं बोट मला दिसत होतं. मी या धंद्यात आता बरीच वर्षं आहे, महागडी यंत्रं पाहिली, पण त्या पायरीसारखं काही पुन्हा पाहिलं नाही.

पुढचं गणित शाळेतलं. जॉइंट 12.310 ला, कडा 12.640 ला, मधे 330 मीटर. त्यातून लूपचे दहा आणि पिळाचे, सेटिंगचे मिळून चारपाच वजा. मामांनी जॉइंटपासून टेप धरला. तीनशे पंधरा मीटरवर एक जुनी दगडी मोरी होती. वरून काही दिसत नव्हतं. खाली दगड खचून पाइपवर बसले होते. सुरुवातीच्या सत्तर, शंभर, दीडशे मीटरच्या चुका दोन्ही आकड्यांत सारख्याच होत्या, म्हणून वजाबाकीत आपोआप गेल्या.

रात्री साडेअकराला पोलादपूर चालू झालं. मामांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'रूट मार्कर न सापडल्याने विलंब.' माझं नाव कुठेच नव्हतं. शेतकऱ्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते खात्याने बघितलंय."

पुढची चार वर्षं मी जमेल तेव्हा त्यांच्या मागे हिंडलो. त्यांचा जन्म तांब्याच्या तारांतला. स्थानिक जंक्शनसाठीची देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा पुण्यात 1979 साली सुरू झाली, तेव्हा ते खांबावर चढून तारा ताणत होते. फायबर त्यांच्या हातात आला तो चाळिशी उलटल्यावर. मी त्यांना एकदा चार्ल्स काव यांची गोष्ट सांगितली. 1966 मध्ये काव यांनी असं मांडलं, की एक किलोमीटर गेल्यावर शेकडा एक भाग प्रकाश जरी उरला तरी काचेतून टेलिफोन चालेल. तेवढी शुद्ध काचही तेव्हा कुणाला करता येत नव्हती. त्या कामाला 2009 मध्ये नोबेल मिळालं. आज 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाचा एका किलोमीटरनंतर शेकडा 95 भाग शिल्लक असतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि तू तो धुळीच्या एका कणाने अडवतोस. पूस ते टोक."

पुसणं हे त्यांचं व्रतच होतं. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा. शर्टाला पुसलेला कनेक्टर त्यांना खपत नसे. आधी स्पिरिटने पुसायचं, मग सूक्ष्मदर्शकातून बघायचं, मग जोडायचं. आणि बघण्याआधी पॉवर मीटर लावून पलीकडून प्रकाश येत नाही याची खात्री करायची. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे जाळू शकतो. फायबर तपासायच्या लाल लेसर पेनचा उजेड दिसतो म्हणून नवीन पोरं त्याच धिटाईने कुठल्याही फायबरच्या तोंडाशी डोळा नेतात. त्या एका चुकीला मामांनी माझ्या पाठीत धपाटा घातलेला आहे.

एका बँकेच्या शाखेतली लिंक दिवसातून दोनतीनदा पडायची. मी गेलो की चालू. पॉवर मीटर लावला की उणे एकोणीस डीबीएम, उत्तम. 1310 नॅनोमीटरवर ट्रेस काढला, साफ. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी मामा बरोबर आले. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, मीटर लावला, आणि दार हळूहळू बंद करत आणलं. आकडा उणे एकतीसवर गेला. दाराच्या बिजागरीत पॅचकॉर्ड चिमटला जात होता. दुरुस्तीला आलेला माणूस पहिली गोष्ट करणार ती दार उघडण्याची, म्हणून दुखणं कुणालाच दिसत नव्हतं. मग त्यांनी मला तो पॅचकॉर्ड हातात धरून थोडाथोडा वाकवायला लावला आणि दोन्ही तरंगलांबींवर मोजून दाखवलं : थोड्या वाकण्याला 1310 दाद देत नाही, 1550 लगेच गळतो. तेव्हापासून एकाच तरंगलांबीवर घेतलेला ट्रेस मी मान्य करत नाही, आमच्या पोरांना त्याचा कितीही कंटाळा येवो.

आणि दोन्ही टोकांकडून मोजायचं, हेही त्यांचंच. दोन वेगळ्या बनावटींचे फायबर जोडले की कधीकधी एका बाजूने पाहताना पायरी वर चढलेली दिसते, जणू जॉइंटमध्ये प्रकाश वाढला. पहिल्यांदा ते पाहून मी खूश झालो होतो. मामा म्हणाले, "जोडात उजेड वाढत नसतो. त्या बाजूने बघ." तिथून पायरी दुप्पट खोल निघाली. दोन्हींची सरासरी, तो खरा लॉस.

2015 साली ते निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक जॉइंटचं मशीनवरचं अंतर, रस्त्यावरचं अंतर, लूप किती, आणि खूण : वडापासून चौदा पावलं, मोरीच्या अलीकडे, शाळेच्या कुंपणाला लागून. वही मला मिळेल असं मी गृहीत धरलं होतं. मिळाली नाही. "नक्कल करून घे," म्हणाले. "हाताने." मी दोन रविवार त्यांच्या ओटीवर बसून लिहीत होतो, मामी चहा आणि फणसाचे गरे आणून ठेवायच्या. झेरॉक्स काढू दिली नाही याचा मला तेव्हा राग आला होता. आता ती वही न उघडताही मला निम्मे जॉइंट सांगता येतात.

22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेलं. तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्यापुढे केबलचं काय सांगायचं. पण रस्ता थोडा मोकळा झाल्यावर आम्हाला बोलावणं आलं ते फोन सुरू करण्यासाठीच, कारण लोकांना आपली माणसं जिवंत आहेत का हे कळत नव्हतं. मलाही मामांचं कळत नव्हतं. त्यांच्या गावचा टॉवर याच केबलवर होता. विचारायचं ज्याला, तोच त्या तुटलेल्या टोकाच्या पलीकडे.

वहीतल्या खुणा बहुतेक गेल्या होत्या. वड चौपदरीकरणात आधीच गेला, कुंपण पुरात. काचेवरचे आकडे तेवढे शाबूत. आमच्या गटातली एक मुलगी चौथ्या जॉइंटच्या चेंबरमध्ये उतरली, चिखल उपसला, फायबर बोटावर वळवला. मी महाडला मशीनपुढे बसून "आली" म्हणालो. तिथून 740 मीटरवर घसरलेल्या मातीने केबल ओढून तोडली होती. चोवीस फायबर, दोन नवे जॉइंट. काम पहाटेपर्यंत चाललं.

सकाळी सहाव्या जॉइंटचं चेंबर तपासायला गेलो. बांधावर तोच शेतकरी. दहा वर्षांनी त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. खाचराचा विषय त्यानेच काढला. मी म्हणालो, खात्याने भरपाई दिली होती ना? तो हसला. "खातं कसलं? तुमचे मामा दुसऱ्या दिवशी येऊन दीड हजार देऊन गेले. म्हणाले, पोरगं नवीन आहे."

तिथूनच मी फोन लावला. मामांनी उचलला. घर उंचावर, सगळी सुखरूप. पहिला प्रश्न, "लॉस किती आला?" मी सांगितलं. दुसरा, "दोन्ही बाजूंनी मोजलास?" हो म्हणालो. मग मी दीड हजारांचं काढलं.

"आवाज तुटतोय रे भाच्या," ते म्हणाले, "काही ऐकू येत नाही," आणि फोन ठेवला.

त्यांच्या टॉवरच्या फायबरचे दोन्ही जॉइंट मी स्वतः मोजले होते, दोन्ही टोकांकडून. सरासरी 0.03 डीबी.