फरसबीच्या पाकिटावरचं विमान

इंग्लंडमधल्या गृहिणीला भर हिवाळ्यातही कोवळी फरसबी मिळते. ती येते केनियातून, विमानानं. २००७ साली टेस्को आणि मार्क्स अँड स्पेन्सर या तिथल्या बड्या दुकानांनी अशा पाकिटांवर छोट्याशा विमानाचं चित्र छापायला सुरुवात केली. हा माल उडत आला, त्यासाठी इंधन जळलं, हे घेणारीला कळावं म्हणून. मनाला टोचलं तर तिनं पाकीट परत ठेवावं.

हेतूत खोट नव्हती. पण पाकीट परत ठेवलं की झळ कुणाला? केनियातल्या डोंगरउतारावर लहानशा तुकड्यात शेंगा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, आणि त्या निवडून, देठं खुडून पाकिटात भरणाऱ्या बायकांना. याच पैशावर त्यांच्या मुलांच्या शाळेची फी भरली जाते. विमानात बसण्याचा योग त्यांच्यातल्या किती जणींना येणार? गंमत अशी, की यातल्या बऱ्याच शेंगा प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातात. वर बसलेल्या सफारीवाल्या पाहुण्याच्या कपाळावर मात्र कुणी चित्र चिकटवलं नाही!

हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. क्रॅनफील्ड विद्यापीठानं २००७ मध्येच गुलाबांचा हिशेब मांडला. केनियाच्या १२,००० गुलाबांमागे, विमानाची वाहतूक धरूनही, सुमारे २,२०० किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच डच गुलाबांमागे ३५,००० किलो. हा अभ्यास फुलांच्या एका आयातदारानं करवून घेतला होता, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी कारण पटण्यासारखं आहे. हॉलंडमध्ये काचघरं तापवावी लागतात, दिवे लावावे लागतात. नैवाशा सरोवराकाठी ते काम ऊन फुकटात करतं.

विमानं खरोखरच थांबली तर काय, याची रंगीत तालीम एप्रिल २०१० मध्ये झाली. आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळे युरोपचं बरंचसं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं. लंडनकरांची सुट्टी लांबली. केनियात फुलं कुजली, हजारो मजुरांना घरी बसवलं गेलं.

म्हणून विमानांना मोकळं रान द्यावं, असं नव्हे. पाऊस लहरी झाला की पहिला फटका याच शेतकऱ्याला बसतो. पण काटकसर सुरू करायची तर ती सुट्टीच्या तिकिटापासून का नाही?

अलीकडे मोंबासा बंदरातून थंड कंटेनरमध्ये काही गुलाब बोटीनं युरोपला जाऊ लागले आहेत. महिनाभर, कधी त्याहूनही जास्त लागतो. कोवळ्या फरसबीला मात्र एवढा दम धरवत नाही.