माहेरहून आलेला कागद

अंगात थोडी कणकण वाटली तरी माणूस डॉक्टरकडे जातो. पण कायद्याचा एखादा साधा प्रश्न पडला, की तो महिनोन्महिने मनातच घोळवत बसतो. वकिलाला विचारले म्हणजे भांडणाला तोंड फुटले, अशी समजूत घराघरात रुजलेली आहे. त्यातून प्रश्न माहेरच्या मालमत्तेचा असला, तर स्त्रिया नवऱ्याजवळसुद्धा तो काढत नाहीत.

जयपूरच्या जगतपुऱ्याचे उदाहरण घ्या. एके काळी शेतीचा असलेला हा भाग आता सदनिका आणि वसाहतींनी भरून गेला आहे. जी जमीन बिघ्यात मोजली जायची, तिचा भाव आता चौरस गजावर सांगितला जातो. जमिनीला भाव आला, की सातबारा असो वा राजस्थानातली जमाबंदी, त्यावर नाव कोणाचे हा प्रश्न डोके वर काढतोच. राजस्थानात या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे, 'हक त्याग'. वडिलांच्या पश्चात बहिणींनी आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा. मोबदला एवढाच, की माहेरचे दार उघडे राहील आणि भाचरांच्या लग्नात भाऊ मायरा घेऊन येईल.

मराठी घरांना हे नवे नाही. आपल्याकडे त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, आणि साडीचोळीवर बहिणीची बोळवण होते. समजा, जगतपुऱ्यातल्या एखाद्या इमारतीत दोघी समोरासमोर राहतात. एक शेखावाटीची, दुसरी साताऱ्याकडची. एकीला भाऊ म्हणतो, "जीजी, इथे सही कर." दुसरीला म्हणतो, "ताई, नुसती सहीच तर करायची आहे." दोघींच्या मनात भीती एकच असते. नाही म्हटले, तर राखीला आणि भाऊबीजेला कोणाकडे जायचे?

कायदा काय सांगतो?

वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू कुटुंबात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. प्रश्न होता तो एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्यात मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. लग्न झाले आहे की नाही, हा भेद उरला नाही. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री आता उकरून काढता येत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. 'नुसती सही' कधीच नुसती नसते. घर-जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले, की ते सहजासहजी फिरवता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि त्यालाही मुदत असते. उलट, फेरफारात नुसते भावाचे नाव लागले म्हणून बहिणीची मालकी आपोआप संपत नाही. म्हणून कागद हाती आला, की तो हक्कसोडपत्र आहे, कुलमुखत्यारपत्र आहे की केवळ वारसनोंदीचा अर्ज, हे आधी वाचून घ्यावे. भाषा समजत नसेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. प्रत द्यायला कोणी का-कू करू लागले, तर सही करण्याची घाई मुळीच करू नये.

विचारायचे कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रीला, तिचे किंवा नवऱ्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही विचारता येते. सोय जयपुरात आहे, तशीच साताऱ्यातही आहे. भावंडांना सामोपचाराने मिटवायचे असेल, तर लोकअदालतीचा मार्ग आहे. तिथे शुल्क लागत नाही, पण झालेल्या तडजोडीवर अपील नसते. म्हणून तिथेही मान डोलावण्यापूर्वी विचार करावा.

आता कोणी म्हणेल, हे सारे कळले म्हणजे प्रत्येक बहिणीने वाटा मागायचाच का? तसे मुळीच नाही. भाऊ कष्टात असेल, त्याने आईवडिलांचे म्हातारपण एकट्याने निभावले असेल, आणि बहिणीला मनापासून त्याला काही द्यावेसे वाटत असेल, तर तिने जरूर द्यावे. पण आपण नेमके काय देतो आहोत, हे तिला माहीत असायला हवे. काय आहे तेच ठाऊक नसताना घेतलेल्या सहीला त्याग म्हणता येत नाही. समजून दिलेल्या वाट्याची आठवण भावालाही राहते. न सांगता घेतलेला वाटा मात्र पुढे भाचरांच्या पिढीत वैर होऊन उभा राहतो.

तेव्हा माहेरहून कागद आला, तर बहिणीने प्रेमाने म्हणावे, "दादा, चार दिवस दे. वाचते, विचारते आणि मग सांगते." ज्या नात्याला हे चार दिवस जड होत नाहीत, ते नाते एका सहीवाचून तुटत नाही.