कांद्याचं सूप, अंधेरी पश्चिम

काल अंधेरीच्या एका महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटात जेवलो. नाव लिहीत नाही. मेणबत्त्या, पांढरेशुभ्र नॅपकिन, सगळं यथासांग. सूप आलं आणि हिरमोड झाला. या सूपाचा जीव कांद्यातच. तो लोण्यात, मंद आचेवर, पाऊण तास तरी परतायचा. अंगची साखर सुटून तपकिरी झाला की मगच रस्सा, वर पाव आणि ग्रुयेर चीज. इथे कांदा फिकट, कचकचीत. लासलगाव ज्या राज्यात आहे तिथे कांद्याची ही गत! कंजुषी गॅसची की वेळेची, कोण जाणे. स्वतःच्याच चरबीत तासन्‌तास शिजणारी बदकाची तंगडीही वातड.

फ्रेंचांच्या मेजवानीला युनेस्कोने २०१० मध्ये वारसा मानलं, ते पदार्थांसाठी नव्हे, निवांत एकत्र जेवण्याच्या रीतीसाठी. इथे आधीची बशी उचलायच्या आत पुढची हजर.

बिलात सेवाशुल्क होतंच. ते सक्तीने लावता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय. काढायला लावलं. “अहो, चारचौघांत कशाला?” बायको पुटपुटली. मॅनेजरने नुसते खांदे उडवले. तेवढं मात्र अस्सल फ्रेंच होतं.