परक्या संघाचे सोयरे

टोकियोच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या केइओ लाइनवर तोबिताक्यू नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या संध्याकाळी येणारी प्रत्येक गाडी तिथं रिकामी होत होती आणि जिन्यावरून उतरणारा लोंढा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत होता. छातीवर साकुराची फुलं. जवळच्या मैदानात रग्बीच्या विश्वचषकाचा पहिला सामना होता, जपान विरुद्ध रशिया. आशिया खंडात हा विश्वचषक भरण्याची ही पहिलीच खेप. वीस संघ, बारा मैदानं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालणारे ४८ सामने.

मुंबईत आझाद मैदानाजवळून जाताना बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर पावसाळ्यात चिखलात लोळणारी मुलं दिसतात, रग्बी मी पाहिली होती ती तेवढीच. टोकियोला आले होते भाच्याकडे, निशी-कसाईला. तिथं आपली माणसं इतकी आहेत की त्याच वर्षी एप्रिलमध्ये एदोगावा वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. भाच्याची मुलगी जपानी शाळेत जाते. तिच्या वर्गात महिनाभर रग्बीशिवाय दुसरा विषय नव्हता. तिकिटं तिच्याच हट्टानं काढलेली.

मैदानात आमच्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. लाल-पांढरी जर्सी, गळ्यात टॉवेल, हातात चार घड्या घातलेला कागद. रशियाचं राष्ट्रगीत सुरू झालं तसे ते उठले, कागद उलगडला आणि गाऊ लागले. जपानचा माणूस, समोर जपानचा प्रतिस्पर्धी, आणि हे रशियन भाषेत गाताहेत! मी भाच्याकडे पाहिलं. "आत्या, जपानी अक्षरांत लिहून काढलंय त्यांनी," तो कानाशी म्हणाला. नंतर कळलं की आजोबा एकटे नव्हते. जपानचे माजी कर्णधार तोशिआकी हिरोसे यांनी गायकांना सोबत घेऊन 'स्क्रम युनिसन' नावाचा उपक्रम सुरू केला होता. येणाऱ्या प्रत्येक संघाचं राष्ट्रगीत प्रेक्षकांना शिकवायचं, म्हणजे इतक्या दूर आलेल्या खेळाडूला मैदानात आपलं गाणं ऐकू येईल. क्रिकेटच्या मैदानात माझा जन्म गेला. समोरच्या संघाचं राष्ट्रगीत पाठ करून येणारा प्रेक्षक मी कधी पाहिला नव्हता.

सामना सुरू झाला तो जपानला धडकी भरवत. उंच आलेला चेंडू विल्यम तुपोच्या हातून सुटला आणि पाचव्याच मिनिटाला रशियाच्या गोलोस्नित्स्कीनं चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय केला. पंचेचाळीस हजार माणसं गप्प झाली. आजोबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग कोतारो मात्सुशिमा धावायला लागला. एक ट्राय, दुसरा, तिसरा. विश्वचषकात एकाच सामन्यात तीन ट्राय करणारा तो पहिला जपानी खेळाडू. त्या मधल्या वेळात पीटर लाबुस्काख्ने या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या धिप्पाड गड्यानं रशियन खेळाडूच्या हातातून चेंडू अक्षरशः हिसकावला आणि अर्धं मैदान एकट्यानं पार केलं. ३०-१०. या जपानी संघातले जवळपास निम्मे खेळाडू परदेशात जन्मलेले. कर्णधार मायकल लीच न्यूझीलंडचा, आई फिजीची, शाळकरी वयात सापोरोला शिकायला आला आणि इथलाच झाला. त्याच्या हाती चेंडू आला की मैदान "ली-च" असं लांबवून ओरडतं. तो आपला की परका, हा प्रश्न तिथं कुणाच्या डोक्यात येत असेल असं मला वाटलं नाही.

पाठीवर बीअरचा पिंप बांधून पायऱ्या चढणाऱ्या मुली हाही एक नवलाचा प्रकार. गुडघ्यावर बसून पेला भरायचा, दोन हातांनी द्यायचा आणि उठून पुन्हा वरच्या रांगेकडे. बीअर भरपूर होती, खाणं मात्र संपलं. स्टॉल रिकामे, बाहेरचं आणायला बंदी. लोकांनी तक्रारी केल्या आणि आठवडा उलटायच्या आत खाण्याचे पदार्थ सोबत आणायची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी योकोहामा. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे या खेळातले दोन दादा, पहिल्याच शनिवारी समोरासमोर. स्टेशनपासून मैदानापर्यंत काळ्या आणि हिरव्या जर्सींची सरमिसळ झाली होती. मी आपली काळे कुठल्या फाटकातून जातात आणि हिरवे कुठल्या, ते शोधत होते. तशी फाटकंच नव्हती. रग्बीत दोन बाजूंच्या समर्थकांना वेगळं बसवत नाहीत. मध्ये पोलिसांची भिंत नाही, जाळी नाही. आमच्या पुढच्या रांगेत केप टाउनहून आलेलं जोडपं आणि त्याला खेटून ऑकलंडचे तीन भाऊ. सामना चालू असताना एकमेकांच्या खेळाडूंना यथेच्छ शिव्या, आणि मध्यंतरात बीअर आणायला जाताना "तुम्हाला किती आणू?" हेही तितक्याच मोकळेपणानं.

न्यूझीलंडच्या खेळाडूंचा 'हाका' हा नाच सुरू झाला तेव्हा साठ हजारांहून जास्त माणसांनी श्वास रोखला. मांड्यांवर पडणाऱ्या थापा वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होत्या. पहिली वीसेक मिनिटं दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला जखडून ठेवलं आणि मग अवघ्या काही मिनिटांत जॉर्ज ब्रिज आणि स्कॉट बॅरेट यांच्या दोन ट्रायनी सामना फिरला. चेस्लिन कोल्बे हा चणीनं लहान खेळाडू उजव्या कडेनं ज्या वळणांनी पळाला ती वळणं पाहून त्या ऑकलंडच्या भावांनीही डोक्याला हात लावला. २३-१३. हरलेला सिया कोलिसी, दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार, प्रतिस्पर्ध्यांना मिठ्या मारत फिरत होता. आणि मग न्यूझीलंडचे ते डोंगराएवढे खेळाडू एका ओळीत उभे राहिले आणि जपानी पद्धतीनं कमरेत वाकले. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मैदान वेडं झालं. पुढच्या दिवसांत एकामागून एक संघ हे करू लागले.

रविवारी आयर्लंडनं स्कॉटलंडला २७-३ असं धुतलं. पावसात निथळणारे किल्ट आणि गाडीत दाटीनं उभे राहून गाणारे आयरिश, यापलीकडे त्या सामन्याचं मला फार आठवत नाही.

निशी-कसाईच्या घरी रात्री जेवताना मी शंका काढली. जपानी माणूस पाहुण्याशी अदबीनंच वागतो. ही राष्ट्रगीतं, हे टाळ्या वाजवणं, हा आदरातिथ्याचाच भाग नसेल कशावरून? भाच्यानं फोनवर एक चित्रफीत लावून दिली. दक्षिणेकडचं किताक्यूशू शहर. वेल्सचा संघ तिथं सरावाला उतरला होता. नुसता सराव पाहायला १५ हजार लोक जमले आणि त्यांनी वेल्श भाषेत वेल्सचं राष्ट्रगीत गायलं. खेळाडू चकित होऊन गॅलरीकडे बघताहेत. "एवढं अदबीसाठी कोण पाठ करेल, आत्या?" तो म्हणाला. तरी माझं समाधान झालं नव्हतं. ते झालं कामाइशीला, फिजी-उरुग्वे सामन्याच्या दिवशी.

टोकियोहून शिनकानसेननं उत्तरेला शिन-हानामाकी, तिथून डोंगरातून वळणं घेत जाणारी लहान गाडी, कामाइशीला पुन्हा गाडी बदलायची आणि सानरिकू रेल्वेनं उनोसुमाई. २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेला हा रेल्वेमार्ग २०१९ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झालेला. कामाइशी हे पोलादाचं गाव. इथल्या कारखान्याच्या संघानं १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षं जपानचं रग्बी विजेतेपद जिंकलं होतं. मग झोतभट्टी बंद पडली, लोक गाव सोडून गेले, संघाची रया गेली. आणि ११ मार्च २०११ ला समुद्र आत आला. या एका शहरात हजाराहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली.

सामन्याचं मैदान उभं आहे ते दोन शाळांच्या जागेवर. उनोसुमाईची प्राथमिक शाळा आणि तिच्या शेजारची माध्यमिक शाळा. भूकंप थांबल्याबरोबर मोठी मुलं धावत सुटली, त्यांना पाहून लहानगी निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावरही ती थांबली नाहीत, आणखी वर चढत गेली. मागं दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, मुलं वाचली. पण त्याच उनोसुमाईत जवळच्या केंद्रात आसऱ्याला गेलेले कितीतरी लोक वाचले नाहीत. त्या जागी आता स्मारक आहे, स्टेशनच्या अगदी समोर. सामन्याला आलेली माणसं गाडीतून उतरून आधी तिथं जात होती. फिजीची पांढरी जर्सी घातलेला एक आडदांड गडी टोपी काढून नावांसमोर उभा होता. त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगाही त्याचं बघून तसाच उभा.

मैदान लहान, तेव्हा सोळा हजारांचं होतं. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र. काही बाकं जंगलात लागलेल्या वणव्यात होरपळलेल्या देवदाराची. मी हात फिरवून पाहिला, रंधा मारलेल्या लाकडाचा वास अजून येत होता. आणि जिकडेतिकडे पताका! भरपूर मासळी मिळाली की कोळी होड्यांवर लावतात ते मोठाले रंगीत झेंडे, लाल सूर्य, लाटा आणि मासे रंगवलेले. नारळी पौर्णिमेला आपल्या कोळीवाड्यात होड्या सजतात तसं ते सगळं मैदान सजलं होतं. गावातल्या शाळांची मुलं एका बाजूला बसली होती. सामन्याआधी ती उभी राहिली आणि २०११ मध्ये मदत पाठवणाऱ्या साऱ्या जगाला उद्देशून त्यांनी आभाराचं गाणं म्हटलं.

माझ्या शेजारच्या बाईंचं गावात दुकान आहे. भाच्याच्या मध्यस्थीनं आमचं बोलणं चाललं होतं. त्यांनी मला स्कॉट फार्डीबद्दल सांगितलं. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू, २०११ मध्ये कामाइशीच्या सीवेव्हज संघाकडून खेळायचा. त्याच्या दूतावासानं बाहेर काढायची तयारी दाखवली, तो गेला नाही. संघातल्या इतरांबरोबर मदतीच्या मालाची पोती आणि खोकी वाहत राहिला. पुढं २०१५ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. "तो परका होता आणि आमच्यासाठी थांबला," बाई म्हणाल्या. "आज दोन परके संघ आलेत. त्यांच्यासाठी आम्ही नको का थांबायला?" त्या सकाळी त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं.

माझ्या शंकेचं उत्तर मला तिथं मिळालं. अदब होतीच, पण तिच्या बुडाशी देणं होतं. या गावावर जगाचं देणं आहे असं ही माणसं मानत होती आणि ते फेडायला त्यांना आज मैदान मिळालं होतं.

आणि सामना तरी काय झाला! फिजी म्हणजे चेंडू हातात आला की नाचत सुटणारा संघ. उरुग्वे म्हणजे पस्तीस लाख वस्तीचा देश, बहुतेक सगळा फुटबॉलचा, रग्बीच्या विश्वचषकात तोवर १६ वर्षं एकही सामना न जिंकलेला. फिजीनं पहिला ट्राय केला तेव्हा वाटलं, आता एकतर्फी होणार. पण उरुग्वेचा सान्तियागो अराता हा बुटका गडी फटीतून असा निसटला की सगळे बघतच राहिले. मग एकेक करून तीन ट्राय. किका मारून फेलिपे बेर्चेसी गुणांत भर घालत होता. फिजीनं सगळे मिळून पाच ट्राय केले, पण ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायच्या किका, म्हणजे कन्व्हर्जन, एक सोडून सगळ्या हुकवल्या. शेवटची दहा मिनिटं ती सगळी शाळकरी पोरं उभी होती. दुकानवाल्या बाई सुरुवातीला फिजीच्या बाजूनं होत्या. आता त्या दोन्ही मुठी वळून उरुग्वेच्या बचावाला हाका घालत होत्या आणि फिजीच्या चढाईलाही. वेळ संपता संपता मातावालूनं आणखी एक ट्राय केला. फरक तीन गुणांचा, ३०-२७. उरुग्वे जिंकलं. त्यांचा कर्णधार हुआन मान्वेल गामिनारा रडत रडतच बोलत होता. चौदा हजार माणसांनी आधी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मग मान खाली घालून चाललेल्या फिजीसाठी, तितकाच वेळ. बाईंनी मला घट्ट मिठी मारली. शेवटी त्या बहुधा उरुग्वेच्या बाजूच्या झाल्या होत्या, मीही, पण खरं सांगायचं तर आम्हा दोघींनाही दोघंही जिंकायला हवे होते.

२८ तारखेला जपान आणि आयर्लंड शिझुओकाला खेळले. तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून आम्ही टोकियोतच युराकुचोच्या फॅनझोनमध्ये मोठ्या पडद्यासमोर गर्दीत. आयर्लंड विजेतेपदाच्या दावेदारांतलं, जपान त्यांच्यापुढं कितीसं टिकणार? उत्तरार्धात जपानचा फुकुओका चेंडू घेऊन डाव्या कोपऱ्यात पडला आणि जपान पुढं गेलं. नात माझ्या खांद्यावर चढायची तेवढी बाकी होती. शेवटच्या क्षणी आयर्लंडनं चेंडू आपणच मैदानाबाहेर मारला. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर एक गुण मिळतो, तो त्यांनी राखला. १९-१२. पडद्यावर आयरिश खेळाडू दोन रांगा करून टाळ्या वाजवत होते आणि मधून जपानी संघ बाहेर पडत होता.

आमच्या पलीकडे हिरव्या जर्सीतली पाच-सहा माणसं होती. हरल्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मग एक उठला, समोरच्या जपानी कुटुंबाशी हस्तांदोलन केलं, मागच्याशी केलं, आणि करता करता रांग लागली. आमच्या नातीनंही हात पुढं केला. त्यानं तिच्या लाल-पांढऱ्या जर्सीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कुठली म्हणून विचारलं. "निशी-कसाई," ती ठसक्यात म्हणाली. जपानचा पुढचा सामना ५ ऑक्टोबरला टोयोटा शहरात, सामोआशी. परतीच्या गाडीत भाचा तिकिटं शोधत होता आणि नात त्याच्या फोनवर सामोआचं राष्ट्रगीत शोधून द्या म्हणून मागं लागली होती.