फॉर्ममधली रिकामी ओळ

वाचकहो, आमच्या जालना शहरातून एक नदी वाहते. तिचे नाव कुंडलिका. 'वाहते' हे क्रियापद मी केवळ सवयीने लिहिले. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून गेलेले हे पात्र पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर बहुधा कोरडेच असते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर हंडे वाहून खांदे धरलेल्या स्त्रिया आणि मिळेल ते पाणी प्यायल्याने पोट बिघडलेली मुले यांनीच माझा दवाखाना भरलेला असे. अशा गावातल्या मुलांना वाहत्या पाण्याचे आकर्षण किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या स्काऊट पथकाने रायगड जिल्ह्यातील कोलाडला राफ्टिंगसाठी जायचे ठरवले, तेव्हा मुलांचा आनंद गगनात मावेना. योगायोग असा, की कोलाडची ती नदीही कुंडलिकाच. पथकाबरोबर एक डॉक्टर असावा, या विचाराने शाळेने मला बोलावले. नववी-दहावीची बावीस मुले, दोन स्काऊट शिक्षक आणि पंचावन्न वर्षांचा मी.

निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे प्रकृतीबाबतचे प्रमाणपत्र हवे होते. मी एका दुपारी शाळेत गेलो. मुले रांगेत उभी राहिली. वजन, रक्तदाब, छातीची तपासणी आणि शेवटी एक प्रश्न : "काही त्रास नाही ना?" प्रत्येकाने मान हलवली आणि प्रत्येक फॉर्मवर मी सही केली. 'पूर्वीचा मोठा आजार' या ओळीपुढे बहुतेक पालकांनी 'नाही' असे लिहिले होते. एका फॉर्मवर ती ओळ रिकामीच होती. ती माझ्या नजरेतून सुटली. बावीस सह्यांना मला तासभरही लागला नाही, हे आज कबूल केलेच पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळी बस निघाली. मुले रात्रभर गाणी म्हणत होती. झोप कोणालाच मिळाली नाही. शनिवारी सकाळी पुणे ओलांडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा डाव्या-उजव्या वळणांमधून मुळशीचा जलाशय दिसू लागला. मी मुलांना सांगितले, उद्या तुम्ही ज्या पाण्यावर तरंगणार आहात ते हेच. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले हे पाणी खाली कोकणात भिरा येथील टाटांच्या वीजगृहात उतरते. तेथे १९२७ पासून वीज तयार होते. वीज तयार करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडले जाते आणि त्या प्रवाहावरच राफ्टिंग चालते. म्हणूनच भर हिवाळ्यातही त्या नदीला वेग असतो. या धरणात जमिनी गेलेल्या मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह सुरू केला होता, हेही त्यांना सांगितले. पाण्याची किंमत जालन्याच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. सारी बस काही क्षण शांत झाली.

दुपारी कोलाडला पोहोचलो. तेथील प्रशिक्षकांनी संध्याकाळी जमिनीवरच सराव घेतला. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसले पाहिजे. खांद्याजवळ धरून वर ओढले तर ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. राफ्टमधून पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवा. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, कारण पाऊल दगडांत अडकले तर प्रवाह माणसाला आडवा करून पाण्याखाली दाबून धरतो. मुले मन लावून ऐकत होती.

रात्री आठच्या सुमारास माझा फोन वाजला. पथकातल्या एका मुलाच्या आईचा होता.

"डॉक्टरसाहेब, त्याने रात्रीची गोळी घेतली का, तेवढं जरा बघाल का?"

"कसली गोळी, ताई?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या माउलीने सांगितले. मुलाला तीन वर्षांपासून फिट्स येत होत्या. औषध सुरू झाल्यापासून त्या आटोक्यात होत्या. शेवटचा झटका सात महिन्यांपूर्वी आला होता. "फॉर्मवर लिहिलं असतं तर तुम्ही त्याला नेलंच नसतं. आणि गावात समजलं की लोक काय काय बोलतात, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी मुलाला बाजूला घेतले. गोळ्या त्याने आणल्याच नव्हत्या. मित्रांना दिसू नयेत म्हणून त्या घरी कपाटातच ठेवल्या होत्या. शुक्रवार रात्र आणि शनिवार सकाळ अशा दोन वेळा चुकल्या होत्या, त्यात रात्रभराचे जागरण. अपस्माराच्या रुग्णाला झटका यायला या दोनच गोष्टी पुरेशा असतात. आणि हा मुलगा सकाळी खळाळत्या नदीत उतरणार होता, माझ्या सहीच्या आधाराने.

आईकडून गोळीचे नाव आणि मात्रा विचारून घेतली, चिठ्ठी लिहिली आणि एका शिक्षकांबरोबर बाजारपेठेत जाऊन औषध आणले. मुलाने गोळी घेतली. त्यानंतरचे काम मात्र अधिक अवघड होते.

"उद्या तुला राफ्टमध्ये बसता येणार नाही," मी म्हणालो.

"सर, आता घेतली ना गोळी!"

"एका गोळीने चुकलेल्या गोळ्या भरून निघत नाहीत, बाळा. पाण्यात झटका आला तर लाइफ जॅकेट तुला तरंगत ठेवील, पण तोंड पाण्याबाहेर राहीलच असे नाही. त्या वेळी तुला हातपायही हलवता येणार नाहीत."

तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "मग मला इथवर आणलंच कशाला? तुम्हीच तर फिट आहे म्हणून लिहिलंत."

वाचकहो, तीस वर्षांच्या व्यवसायात मला अनेकांनी अनेक गोष्टी ऐकवल्या आहेत. या वाक्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. सगळ्या मित्रांसमोर रांगेत उभे करून "काही त्रास नाही ना?" असे विचारले, तर चौदा वर्षांचा कोणता मुलगा "हो, मला फिट्स येतात" असे सांगेल? प्रश्नातच मी 'नाही' हे उत्तर घालून ठेवले होते. आईने लपवले, मुलाने लपवले. पण न लपवण्यासाठी जागा करून देणे हे माझे काम होते. मी त्याला तसे स्पष्ट सांगितले आणि त्याची क्षमा मागितली.

रविवारी सकाळी पाणी सुटले. तीन राफ्ट निघाले. मी माझी जागा सोडली आणि त्या मुलाबरोबर गाडीने, जेथे राफ्ट पाण्याबाहेर काढतात तेथे गेलो. तो माझ्याशी बोलत नव्हता. ते साहजिकच होते. तेथे थांबलेल्या एका प्रशिक्षकाने त्याला बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोराची पिशवी दाखवली. काठावर उभे राहून, दोराचे एक टोक हातात धरून पिशवी फेकायची. पहिल्या दोन वेळा ती भलतीकडेच गेली. तिसऱ्या वेळी नेमकी पडली. मग तासभर तो तेच करत राहिला. मित्रांचे राफ्ट वळणावर दिसले तेव्हा त्याने एकेकाचे नाव घेऊन एकवीस मुले मोजली आणि भिजलेल्यांना टॉवेल दिले. त्याला झटका आला नाही. कदाचित राफ्टमध्येही आला नसता. पण त्या 'कदाचित'वर दुसऱ्याच्या मुलाचा जीव टांगण्याचा अधिकार मला नव्हता.

परतीच्या प्रवासात, अहिल्यानगर मागे पडल्यावर, त्याच्या संघनायकाने त्याला थेट विचारले. तो क्षणभर थांबला आणि त्याने सांगून टाकले. कोणी हसले नाही. एकाने विचारले, "मग तुला फिट आली तर आम्ही काय करायचं?" त्या रात्रीच्या बसमध्ये मी जे सांगितले, तेच आपल्यालाही सांगतो.

झटका आलेल्या व्यक्तीजवळच्या टणक, टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. स्काऊटचा स्कार्फ घडी करून ठेवला तरी चालेल. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने झटका थांबत नाही, फक्त माणसाचा अपमान होतो. घड्याळ पाहा. हालचाली थांबताच त्याला कुशीवर वळवा. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, किंवा तो पाण्यात आला असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मोठी नदी नसली तरी विहिरी आहेत आणि गावोगावी शेततळी आहेत. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यातून सहज बाहेर येऊ शकत नाही. काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब प्रत्येक तळ्याजवळ असावी. अपस्मार असलेल्या मुलाने तर अशा पाण्याजवळ एकटे कधीच जाऊ नये. त्याला पोहायचे असेल तर त्याच्या डॉक्टरांचा सल्ला, नियमित औषध आणि शेजारी त्याचा आजार माहीत असलेला, पोहता येणारा मोठा माणूस, या तिन्ही गोष्टी हव्यात.

पालकांना माझी विनंती आहे की सहलीच्या फॉर्मवर दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचा विकार, औषधाची अॅलर्जी यांपैकी जे असेल ते लिहा. लिहायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना फोन करून सांगा. गोळ्या नावाच्या चिठ्ठीसह सामानात ठेवा आणि दोन दिवसांच्या जास्त द्या. 'तयार राहा' हे स्काऊटचे ब्रीद आहे. ती तयारी घरातूनच सुरू होते. मी आता प्रमाणपत्रासाठी प्रत्येक मुलाला एकट्याने आत बोलावतो आणि विचारतो, "रोज कोणती गोळी घेतोस?" हा प्रश्न विचारू लागल्यापासून मला पूर्वी न मिळालेली उत्तरे मिळत आहेत.

तो मुलगा आता अकरावीत आहे. हा लेख त्याच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने लिहिला आहे. मागच्या महिन्यात तो एका शिबिराचा फॉर्म घेऊन दवाखान्यात आला होता. 'पूर्वीचा मोठा आजार' या ओळीपुढे त्याने स्वतःच्या अक्षरात आजाराचे नाव, गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटच्या झटक्याची तारीख लिहिली होती. मी ती ओळ दोनदा वाचली, त्याला तपासले आणि मग सही केली.